देवळालीच्या मास्तरांची पंचवीस अंकी संख्या

गणिताची थोडीफार आवड असलेल्या मराठी माणसाला ६१७४ ही संख्या आणि द. रा. कापरेकर हे नाव एकदमच आठवते. शाळेच्या पुस्तकांपासून दिवाळी अंकांतील कोड्यांपर्यंत या चार अंकी संख्येने भरपूर प्रवास केला आहे. तथापि देवळालीच्या या शाळामास्तरांनी शोधलेल्या संख्यांमधील सर्वांत धाडसी संख्या चार अंकी नव्हती, ती पंचवीस अंकी होती. एकावर एकवीस शून्ये आणि अखेरीस १०२ अशी ती लिहिली जाते: १०,००,००,००,००,००,००,००,००,००,००,१०२. आपल्या परंपरेतील स्थाननामे परार्धापाशी, म्हणजे अठराव्या स्थानावर संपतात. ही संख्या त्याच्याही सात स्थाने पलीकडची आहे.

ती कापरेकरांना ७ जून १९६१ रोजी सापडली. एक विशिष्ट गुणधर्म असणारी ही सर्वांत लहान संख्या आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते बरोबर की चूक याचा निकाल लागण्यास साठ वर्षे लागली. निकाल लागला तेव्हा कापरेकरांना जाऊन पस्तीस वर्षे झाली होती.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. आठव्या वर्षी आई गेली आणि मुलाला वाढविण्याची जबाबदारी वडिलांवर आली. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आली. ग्रहांचे फळ काय मिळते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अंश आणि कलांची बेरीज-वजाबाकी चुकून चालत नाही. घरातल्या या वातावरणामुळे मुलाला आकड्यांची भीती कधी वाटली नाही, उलट त्यांची संगत आवडू लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. मोकळा वेळ कोडी सोडविण्यात जाई.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर होणारे पहिले भारतीय र. पु. परांजपे यांनी दीर्घकाळ या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले होते, आणि गणितात काही करून दाखवावे अशी ईर्षा त्या परिसरात होती. विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढे मात्र त्यांनी कोणतीही पदवी घेतली नाही. कोणा नामवंत प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन केले नाही, विद्यापीठातही गेले नाहीत. नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षकाची नोकरी मिळाली, ती त्यांनी धरली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडली नाही.

देवळालीची त्या काळची ओळख लष्करी छावणी अशी होती. मायदेशी परतण्यासाठी बोटीची वाट पाहणारे ब्रिटिश सैनिक येथे महिनोन्महिने अडकून पडत. त्या कंटाळ्यातून येणाऱ्या भ्रमिष्टपणाला त्यांनी गावाच्याच नावाचा अपभ्रंश करून डुलाली असा शब्द दिला, आणि तो इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला. त्याच गावाचे नाव पुढे गणिताच्या कोशातही गेले. ते नेले या शिक्षकाने, आणि त्यांचेही वागणे काहींना भ्रमिष्टपणाचेच वाटत होते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

कापरेकरांच्या संशोधनाला उपकरणे लागत नसत. कागद, पेन्सिल आणि वेळ एवढ्यावर काम चाले. संख्या किती मोठी आहे, तिचे अवयव कोणते, ती मूळ आहे की संयुक्त, हे गणितज्ञांचे नेहमीचे प्रश्न. कापरेकरांचे लक्ष संख्येच्या अंकांकडे असे. तिचे अंक उलटे लिहिले तर काय होते, त्यांची बेरीज केली तर काय मिळते, तिचा वर्ग करून तो मधोमध तोडला तर तुकड्यांचे काय होते, अशा प्रश्नांत ते रमत. गाडीची वाट पाहतानाही हे विचार थांबत नसत. १, १२१, १२३२१ अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असे विचित्र नाव दिले. ते नाव कोणा ग्रीक पंडिताचे नाही. जी.आय.पी. रेल्वेवरील ज्या स्थानकावर या संख्यांची कल्पना त्यांना सुचली, त्या स्थानकाचे ते तेव्हाचे नाव होते. आज त्याच स्थानकाला आपण डोंबिवली म्हणतो. लोकलच्या गर्दीत लोंबकळत जाणाऱ्या किती डोंबिवलीकरांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. नऊ एकांची संख्या १११११११११ हिचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी डेम्लो संख्या समोर येते. या संख्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये द मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात आला.

आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे संस्कृत नाव दिले. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही हर्षद आहे: तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. पाश्चात्त्य पुस्तकांत याच संख्या पुढे निव्हेन संख्या म्हणूनही ओळखल्या जाऊ लागल्या. पण हर्षद हे नाव टिकून राहिले. ज्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात त्यांची गंमत निराळी. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. मोठ्या संख्यांतही हे घडते. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातील २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज १४२८५७.

६१७४ चा शोध १९४६ चा. १९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत तो जाहीर झाला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन:पुन्हा करावी. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि येथे गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. सुरुवात कोणत्याही संख्येने करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही येथेच येऊन पोहोचता. तीन अंकी संख्यांसाठी असे मुक्कामाचे ठिकाण ४९५ हे आहे. पाच अंकी संख्यांना असे एकच ठिकाण नाही. ६१७४ ही स्वत: हर्षदही आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन.

एवढे सगळे ऐकून सामान्य वाचक चकित होतो. भारतातील अनेक गणितज्ञ मात्र हसत असत. त्यांच्या लेखी हे गणित नव्हते, आकड्यांचा पोरखेळ होता. कापरेकरांचे काही लेख नियतकालिकांत आले, पण प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे त्यांना फारशी उघडली नाहीत. मग त्यांनी स्वत:च पुस्तिका छापण्यास सुरुवात केली. देवळाली कॅम्पचा पत्ता आणि खासगीरीत्या मुद्रित असा उल्लेख असलेल्या या पुस्तिका शिक्षकाच्या पगारातून निघत. घरखर्चातून पैसे वाचवून संख्यांवर पुस्तिका छापणारा माणूस त्या काळच्या छावणीच्या गावात शहाण्यांत गणला गेला नसेल, तर त्यात नवल नाही.

हसणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. संख्येचे अंक हा संख्येचा मूळ गुण नव्हे, तो आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धतीने लिहितो. आठ बोटांच्या प्राण्यांनी गणित केले असते तर त्यांनाही सतरा ही मूळ संख्याच दिसली असती, पण ६१७४ ची जादू त्यांच्या वाट्याला आली नसती. रामानुजन यांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे प्रा. जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोटेखानी आत्मपर पुस्तकात नेमका असाच एक दाखला दिला होता. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या अशा आहेत की, त्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत येतात. हार्डींच्या मते अशा गोष्टी वर्तमानपत्राच्या कोड्यांसाठी ठीक, पण गणितज्ञाला त्यांत काही घेण्यासारखे नाही, कारण त्यांतून व्यापक असे काही निष्पन्न होत नाही. हार्डींचा शब्द त्या काळी गणितातला अखेरचा शब्द होता. कापरेकरांकडे पाहून हसणारे प्राध्यापक याच चष्म्यातून पाहत होते.

रामानुजन यांच्याशी कापरेकरांची तुलना मराठीत अनेकदा होते. ती कापरेकरांवर अन्याय करणारी आहे. रामानुजन यांची सूत्रे आधुनिक गणिताच्या गाभ्याशी भिडली. कापरेकरांनी तसा दावा कधी केला नाही. प्रश्न वेगळाच आहे. हार्डींच्या कसोटीवर कापरेकरांचे सगळेच काम कोड्यांच्या टोपलीत जाते, की त्यात टोपलीबाहेरचेही काही होते? याचे उत्तर त्या पंचवीस अंकी संख्येत सापडते.

तिचा जन्म एका साध्या क्रियेतून झाला. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. ७५ मध्ये १२ मिळविले की ८७. ८७ मध्ये १५ मिळविले की १०२. मग १०५, मग १११, असा हा प्रवाह पुढे वाहत राहतो. येथे ७५ ही ८७ ची जनक, ८७ ही १०२ ची जनक. मग कापरेकरांना प्रश्न पडला की, प्रत्येक संख्येला जनक असतोच का? उत्तर नकारार्थी आले. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या संख्या कोणत्याच संख्येपासून अशा रीतीने निर्माण होत नाहीत. त्या आपल्या आपणच आहेत. इंग्रजीत त्यांनी त्यांना सेल्फ नंबर म्हटले. अष्टविनायकांच्या मुलखातल्या माणसाला त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. मराठीत या संख्या स्वयंभू ठरतात. त्यांनाच देवळाली संख्या असेही नाव मिळाले. अशा संख्या अनंत आहेत, हे कापरेकरांनी दाखविले. १९५९ मध्ये स्वयंभू संख्यांच्या कोड्यांवर आणि १९६३ मध्ये त्यांच्या गणितावर त्यांनी स्वखर्चाने पुस्तिका काढल्या.

याच्या उलट प्रश्न अधिक अवघड होता. एखाद्या संख्येला एकापेक्षा अधिक जनक असू शकतात का? १०१ ही संख्या ९१ पासूनही मिळते (९१ अधिक १०) आणि १०० पासूनही (१०० अधिक १). दोन प्रवाह येथे येऊन मिळतात, म्हणून कापरेकरांनी अशा संख्येला जंक्शन म्हटले. नाशिककडच्या माणसाला जंक्शन म्हटले की मनमाड आठवते, आणि रेल्वेच्या फलाटावर गणित सुचणाऱ्या माणसाला हाच शब्द सुचावा हे साहजिकच आहे. दोन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १०१. मग तीन जनकांची सर्वांत लहान संख्या कोणती? दोनशे? हजार? लाख? कापरेकरांना ती सापडली ती दहा लाख कोटींच्या पुढे: १,००,००,००,००,००,००१. चौदा अंकी. तीन अंकांवरून एकदम चौदा अंकांवर ही उडी आहे. आणि चार जनकांसाठी त्यांचे उत्तर होते, एकावर एकवीस शून्ये आणि १०२.

या संख्येचा हिशेब सहावी-सातवीतला विद्यार्थीही पडताळू शकतो, आणि तो पडताळून पाहण्यातच खरी मौज आहे. एकावर चोवीस शून्ये ही एक वेस समजावी. वेशीच्या अलीकडे ओळीने चोवीस नऊ असलेली संख्या उभी आहे. तिच्या अंकांची बेरीज २१६, म्हणजे तेथून घेतलेली उडी चांगली लांब पडते. वेशीच्या पलीकडच्या संख्यांत एक, भरपूर शून्ये आणि शेवटचे दोन-तीन अंक. त्यांची उडी अगदी आखूड. त्यामुळे अलीकडून लांब उडी घेणारे आणि पलीकडे आखूड पाऊल टाकणारे एकाच ठिकाणी उतरण्याची शक्यता असते. आपल्याला वेशीपुढे १०२ या ठिकाणी उतरायचे आहे. पलीकडच्या बाजूने पाहिले तर वेशीनंतरच्या छोट्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून १०१ आले पाहिजेत, कारण राहिलेला एक हा अग्रभागी असलेल्या एकाचा. १०१ हे तर आपले परिचित जंक्शन. तेथे ९१ आणि १०० हे दोन जनक आहेतच. आता अलीकडची बाजू. चोवीस नवांतून एखादी छोटी संख्या वजा केली की अंकांची बेरीजही नेमकी त्या छोट्या संख्येच्या अंकांच्या बेरजेइतकी घटते, कारण नवांतून वजाबाकी करताना हातचा लागत नाही. हिशेब मांडला तर त्या छोट्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून ११३ आले पाहिजेत. आणि ११३ हेही जंक्शनच आहे: ९७ अधिक १६, तसेच १०६ अधिक ७. दोन इकडचे, दोन तिकडचे, मिळून चार जनक. अलीकडच्या दोन जनकांत एकवीस नवांनंतर एकात ९०२ आणि दुसऱ्यात ८९३ येतात. पहिल्याच्या अंकांची बेरीज २००, दुसऱ्याच्या २०९. ज्याला वेळ आहे त्याने बेरीज करून पाहावी.

चार जनक आहेत हे दाखविणे असे सोपे आहे. कठीण आहे ते याहून लहान अशी एकही संख्या नाही हे दाखविणे. एक-एक संख्या तपासून हे होणार नाही. सेकंदाला शंभर कोटी संख्या तपासणारे यंत्र हाताशी असले, तरी एवढी मजल मारण्यास त्याला तीन कोटींहून अधिक वर्षे लागतील. १९६१ मध्ये असे यंत्र नव्हतेच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक आदल्या वर्षी सुरू झाला होता. पण देवळालीच्या शाळेपासून तो फार दूर होता, आणि या कामासाठी तोही अपुराच पडला असता. कापरेकरांकडे सिद्धता नव्हती, तर्क होता. वेशीच्या दोन्ही बाजूंना जंक्शने जुळवून मोठे जंक्शन उभे करता येते, ही दृष्टी त्या तर्कामागे होती. येथे गोष्ट आकड्यांच्या चमत्काराच्या पुढे जाते. २५ अंकांची संख्या नुसते आकडे चाळून कोणालाच सापडत नाही. तिच्यापर्यंत पोहोचायला रचना ओळखावी लागते. हार्डींना कोड्यांत न दिसणारी व्यापकता ती हीच.

या शोधाच्या पुढच्या वर्षी कापरेकर निवृत्त झाले. संशोधन थांबले नाही, परिस्थिती मात्र खालावली. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेनासे झाले आणि उतारवयात गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन त्यांना चरितार्थ चालवावा लागला. ज्यांच्या नावाच्या संख्या आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या सरावात सोडवायला देतात, त्यांच्या उतारवयातली ही स्थिती फारशी सांगितली जात नाही. चमत्कार सांगितला की चरित्र संपले, अशी आपली रीत आहे. त्याच १९६६ या वर्षी द मॅथेमॅटिक्स स्टुडंटमध्ये ए. नरसिंग राव यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. अधिकाधिक जनक असलेल्या संख्या कशा रचाव्यात, हा त्याचा विषय होता. पाच जनकांसाठी रावांनी सुचविलेली संख्या होती एकावर शून्येच शून्ये आणि शेवटी पुन्हा तेच १०२; फरक इतकाच की, तिच्यातील अंकांची संख्या १ लाख ११ हजार १११ कोटी ११ लाख ११ हजार १२५ इतकी होती. एका पानावर पाच हजार अंक छापले तरी ही एक संख्या छापायला बावीस कोटींहून अधिक पाने लागतील. कापरेकरांचा प्रश्न कोणीतरी गांभीर्याने घेतला होता, एवढे त्या लेखाने नक्कीच दाखवून दिले.

जगाचे लक्ष गेले ते १९७५ मध्ये. अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर गणिती रंजनाचे सदर लिहीत. स्वत: गार्डनर गणिताचे पदवीधर नव्हते, तरी मोठमोठे गणितज्ञ त्यांचे सदर चुकवीत नसत. त्या वर्षीच्या मार्चच्या अंकात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांची ओळख करून दिली. तीन जनकांची चौदा अंकी आणि चार जनकांची पंचवीस अंकी संख्या, तिच्या शोधाच्या तारखेसह, त्यात होती. तोवर भारताबाहेर फारसे कोणास ठाऊक नसलेले हे नाव अनेक देशांतल्या वाचकांच्या तोंडी झाले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. आपल्याकडची रीतच अशी की, घरच्या माणसाचे मोल बाहेरून कळावे लागते; कापरेकरांच्या बाबतीत ते निदान हयातीत कळले. १९८०-८१ मध्येही जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्समध्ये त्यांचा लेख आला. म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीतही लेखणी चालू होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पोरखेळ म्हणून ज्याची संभावना झाली होती, त्या कामाकडे व्यावसायिक गणितज्ञ पुढे एकेक करून वळले. १९८२ मध्ये इटलीचे उंबेर्तो झान्निएर यांनी स्वयंभू संख्या किती दाटीने पसरल्या आहेत यावर शोधनिबंध लिहिला. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांचा उगम दाखविला. ४५ आणि २९७ यांच्या वर्गाचे तुकडे जुळतात ते योगायोगाने नव्हे. ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांचे अवयव कसे पडतात, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे, हे त्यांनी सिद्ध केले. हर्षद संख्यांवरही स्वतंत्र लेखन झाले. डोंबिवलीच्या फलाटावरच्या डेम्लो संख्या पूर्णांकांच्या मालिकांच्या ज्ञानकोशात नोंदल्या गेल्या.

हा ज्ञानकोश ज्यांनी उभा केला, त्या नील स्लोन यांच्या हातूनच अखेर पंचवीस अंकी संख्येचा निकाल लागला. मॅक्स अलेक्सेयेव्ह, डोनोव्हन जॉन्सन आणि स्लोन या तिघांनी डिसेंबर २०२१ मध्ये कापरेकरांच्या जंक्शन संख्यांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. कापरेकरांचे नाव निबंधाच्या शीर्षकातच आहे. जनकांची कोणतीही संख्या दिली असता सर्वांत लहान जंक्शन कसे काढावे, याची रीत त्यांनी त्यात मांडली. ही रीत दशमान पद्धतीपुरती नाही. दोनच अंकांच्या पद्धतीत लिहा, आठ अंकांच्या पद्धतीत लिहा, ती सर्वत्र लागू पडते. अंक हा केवळ लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे, हा जुना आक्षेप त्यामुळे या एका प्रश्नापुरता तरी उरला नाही. रीत दशमान पद्धतीला लावली असता दोन जनकांसाठी १०१ आणि तीन जनकांसाठी ती चौदा अंकी संख्या बाहेर आली. चार जनकांसाठी एकावर एकवीस शून्ये आणि १०२, हेच उत्तर आले. त्याहून लहान संख्या नाही. पाच जनकांसाठी नरसिंग राव यांनी सुचविलेली लाखभर कोटी अंकांची संख्याही बरोबर निघाली.